मालक बाहेर गेलेत

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो, आणि माझे मालक वारलेले आहेत. यात विशेष काही नाही. वस्तू टिकाऊ असल्याची जाहिरात करतात, माणसांची कोणी करत नाही. विशेष एवढंच, की वारल्यानंतरही माझ्या मालकांचा अपघात विमा दरवर्षी नियमितपणे उतरवला जात होता. मुदत एकदाही चुकली नाही. त्यांना अपघाती मरण आलं असतं तर घरच्यांची चोख सोय झाली असती. फक्त ते आधीच वारले होते, हा एक तांत्रिक मुद्दा होता.

ही गोष्ट त्या तांत्रिक मुद्द्याची आहे. भुतांची भीती वाटत असेल तर दिवसा वाचा. अर्थात यातलं भूत दिवसाच येतं, त्यामुळे तुम्हांला त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पुढेमागे माझ्यासारख्याच हुबेहूब बहिणी पट्ट्यावरून सरकत होत्या. एका माणसाने टाकी बसवली, दुसऱ्याने दिवा, तिसऱ्याने सायलेन्सर लावून त्यावर फडकं मारलं. शेवटी एक जाडजूड गृहस्थ माझ्यावर बसले, मला आवारात फिरवून आणलं आणि "चालेल" असं म्हणून उतरले. आयुष्यातलं पहिलं प्रशस्तिपत्र ते. माझी बैठक त्या काळच्या पद्धतीची आहे: पुढे चालवणाऱ्याची सीट वेगळी, मागे बसणाऱ्याची वेगळी, दोन्हींखाली आपापल्या स्प्रिंगा. चेहरे मला फारसे समजत नाहीत. माणसं मला वजनावरून कळतात.

योगायोग असा, की माझे मालकही वजनातले. म्हणजे स्वतः अगदी किडकिडीत, पण धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानोदुकानी जायचं, काटा उघडायचा, साफ करायचा, लोखंडी मापं ठेवून तो खरं बोलतो की नाही ते बघायचं. मापांची पेटी माझ्या उजव्या अंगाला बांधलेली असे. लोक त्यांना काटेवाले म्हणत. काटेवाले दारात दिसले की दुकानदार घाईघाईने आधी काटा पुसत आणि मग चेहरा.

सकाळी निघण्यापूर्वी ते मला स्वतः पुसत. टाकी, दिवा, चाकाच्या तारा, सगळं. सुट्टीच्या दिवशी मागच्या सीटवर बाई बसत, म्हणजे मालकांची बायको. एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि मालकांच्या खांद्यावर एक हात ठेवायच्या. रस्त्याबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि ती त्या मालकांना वळणावळणावर कळवत.

माझा पहिला विमा उतरवला बाईंच्या धाकट्या भावाने. घरात त्याला गोट्या म्हणतात, बाहेर साहेब. तो तेव्हा नुकताच विमा एजंट झाला होता, आणि नवा एजंट आधी नातेवाईकांनाच गाठतो. मालकांनी त्याला विचारलं होतं, यात नक्की कशाकशाचा विमा आहे. गोट्या म्हणाला, "सगळ्याचा, भाऊजी." त्यावर मालक हसले आणि म्हणाले, "सगळ्याचा म्हणजे किती, ते वजन करून सांग." गोट्याला ते सांगता आलं नाही. पण मेहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणून मालकांनी सही केली.

पुढे बरीच वर्षं चांगली गेली. चांगल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. मग एक दिवस मालक एका किराणा दुकानात काटा दुरुस्त करून तो शून्यावर यायची वाट बघत बसले होते. काटा शून्यावर आला. मालक बसूनच राहिले. दुकानदाराला वाटलं, अजून बघतायत.

मला त्या दिवशी कोणीतरी ढकलत घरी आणलं.

मालकांना एकच मुलगी. घरात तिचं नाव छकुली. हे नाव ठेवलं तेव्हा ती मोठी होऊन दोन्ही हातांत लोखंडी मापं घेऊन जिने चढेल याची कोणाला कल्पना नव्हती. धंदा ती बापाकडूनच शिकली होती. ते गेल्यावर तिने पेटी उचलली, परत माझ्या अंगाला बांधली आणि मला किक मारली. लोकांनी थोडे दिवस कौतुक केलं, थोडे दिवस कुजबुज केली, आणि मग काटे बिघडले तेव्हा तिलाच बोलावलं.

फक्त माझ्या कागदांवरचं नाव बदलायचं राहिलं. राहिलं म्हणजे, राहू दिलं.

मालक गेला की थोडी मुदत असते, मित्रांनो. तेवढ्यात वारसाने गाडी आपल्या नावावर करायची आणि विमा कंपनीला कळवायचं. गोट्याला हे पाठ होतं. तो बॅगेत कागद घालून बहिणीकडे आलाही होता. बाई तेव्हा मालकांचा कप विसळत होत्या. मालकांनी त्यातून चहा पिणं बंद केल्याला बरेच दिवस झाले होते, तरी विसळत होत्या. गोट्याने बॅग उघडली, त्यातला रुमाल काढला, घाम पुसला आणि बॅग बंद केली. त्या वर्षी त्याने भाऊजींच्याच नावाने विमा चालू ठेवला. पुढच्या वर्षीही. नंतर तर सवयच झाली.

कंपनीच्या दृष्टीने माझे मालक हे आदर्श ग्राहक होते. हप्ता वेळेवर, अपघात नाही, तक्रार नाही, दावा नाही. दावा न केल्याबद्दल त्यांना दरवर्षी सूट मिळे, आणि ती वाढत गेली. वाढदिवसाला कंपनीकडून दीर्घायुष्याच्या शुभेच्छा येत. अधूनमधून एखादी मुलगी फोन करून विचारायची, सर आहेत का. बाई म्हणायच्या, "मालक बाहेर गेलेत." मुलगी विचारायची, कधी येतील. बाई म्हणायच्या, "दुपारी."

आता हे मी सांगते ते शांतपणे ऐका. मी यंत्र आहे, मला कल्पनाशक्ती नाही. मालक दुपारी येत होते.

घराच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून पत्र्याची शेड आहे, तिथे मी स्टँडवर उभी असे. छकुली दुपारी जेवायला घरी यायची. ती आत जेवून लवंडली की बाई बाहेर यायच्या आणि माझ्या मागच्या सीटवर बसायच्या. तशाच, एका बाजूला पाय सोडून. हात पुढे धरायच्या, हवेत, साधारण खांद्याच्या उंचीवर. आणि माझी पुढची सीट दबायची. आधी डावी स्प्रिंग, मग उजवी. वजन तेच, किडकिडीत माणसाचं. बाई त्यांना घरातल्या गोष्टी सांगायच्या. नळ गळतो, शेजारच्यांनी भिंत रंगवली, पोरगी नीट जेवत नाही. मालक बोलत नसत. ते जिवंतपणीही अशा वेळी फारसं बोलत नसत, त्यामुळे बाईंना काही वेगळं वाटलं नसावं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण छकुली मला घेऊन निघाली की तिच्या वजनाखाली आणखी एक वजन असायचं. एकाच सीटवर दोघं. तिच्या हातांखाली हँडलवर दुसरे हात असल्यासारखा एक ओढा. ती म्हणायची, गाडी जुनी झाली, जरा जड चालते. मेकॅनिक तेल बदलायचा.

बर्फाच्या कारखान्याजवळ एक वळण आहे. मालकांच्या काळात तिथे रस्ता एकदम डावीकडे मोडायचा. ते गेल्यानंतर जुनी भिंत पाडून रस्ता रुंद केला, वळण सोपं झालं. त्या दिवशी रस्त्यावर थोडं तेल सांडलेलं होतं. छकुलीने नव्या वळणाच्या बेताने अंग झुकवलं. मालकांनी जुन्या वळणाच्या बेताने.

आम्ही पडलो. माझं हँडल वाकलं, दिवा फुटला, टाकीला पोचा आला. मापं रस्ताभर घरंगळली. छकुलीचा पाय माझ्याखाली आला आणि मोडला. विमा कंपनीच्या अर्जात अपघाताचं कारण लिहायला छोटीशी जागा असते. तिने लिहिलं, सांडलेलं तेल. खोटं नव्हतं. तेल होतंच.

पाहणी करायला कंपनीचे एक साहेब आले. गळ्यात कॅमेरा, हातात फाईल. माझे फोटो काढले, वाकलेलं मोजलं, फुटलेलं टिपून घेतलं. फाईल माझ्या पुढच्या सीटवर ठेवली आणि विमाधारक कुठे आहेत, त्यांची सही लागेल, असं म्हणाले. गोट्या तिथेच होता. तो खाली बसून माझं मागचं चाक अतिशय बारकाईने तपासू लागला. ते एकच चाक धड होतं.

"बाहेर गेलेत," बाई म्हणाल्या. "बसा. येतील एवढ्यात."

साहेब खुर्चीवर बसले. चहा आला. साहेबांनी विचारलं, कामावर गेलेत का. बाई म्हणाल्या, कामाचे फार आहेत ते. साहेब म्हणाले, अशी माणसं आता कमी राहिली. बाईंना ते पटलं. गोट्या चाकाच्या तारा मोजत होता.

छकुली पाय प्लॅस्टरमध्ये घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "साहेब, चहा झाला की निघा तुम्ही. बाबा यायचे नाहीत. ते वारलेत."

"वारलेत म्हणून काय झालं?" बाई म्हणाल्या. "दुपारी येतात की."

साहेबांनी कप खाली ठेवला. तेवढ्यात माझी पुढची सीट दबली. आधी डावी स्प्रिंग, मग उजवी. सीटवरची फाईल हळूच घसरली आणि साहेबांच्या बुटांपाशी पडली. साहेबांनी ती उचलली, सीटकडे बघितलं, सर्वांचे आभार मानले आणि ते गेले. अहवालात त्यांनी लिहिलं, पुढील सीटच्या स्प्रिंगा कमजोर. सरकारी असो की खाजगी, कागद हा असाच लिहितात.

मग कंपनीचं पत्र आलं. पत्र मालकांच्या नावानेच होतं. "आपण हयात नसल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. सबब आपला दावा मान्य करता येत नाही. याबाबत आपले काही म्हणणे असल्यास मुदतीत समक्ष भेटावे."

गोट्याने ते पत्र वाचलं आणि तो शेडमध्ये येऊन माझ्यापाशी उभा राहिला. बाई आणि छकुलीही आल्या. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच विमा समजावून सांगितला. हातात कागद नव्हता, म्हणून त्याने माझ्यावरच हात ठेवून सांगितला.

आधी त्याने फुटक्या दिव्यावर हात ठेवला. "ताई, समोर जो कोणी येईल, त्याला आपल्या गाडीमुळे लागलं, तर त्याच्यासाठी एक विमा. तो कायद्याने घ्यावाच लागतो. लोकांना वाटतं तेवढा घेतला की झालं. त्यात गाडीला काही नाही आणि आपल्यालाही काही नाही."

मग टाकीवरच्या पोच्यावर. गाडीचं स्वतःचं नुकसान, चोरी, आग, हे वेगळं घ्यावं लागतं, म्हणाला. तेही आपण घेतलं होतं. पण घेतलं कोणी? गेलेल्या माणसाने. गेलेला माणूस करार करू शकत नाही.

मग पुढच्या सीटवर हात ठेवायला गेला, आणि का कोण जाणे, न ठेवताच मागे घेतला. "आणि हा चालवणाऱ्याचा. जीव गेला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. साध्या मोडलेल्या पायाला त्यात काही नाही. पण चालवणारा म्हणजे कोणीही नव्हे. ज्याच्या नावावर गाडी आहे तो, परवाना असलेला. भाऊजी गाडीवर असते आणि पडले असते, तर मिळालं असतं."

"असतीलच की," बाई म्हणाल्या.

गोट्याने पुढच्या सीटकडे बघितलं. मग म्हणाला, "ही पोर इतकी वर्षं विम्याविना उघडी फिरत होती, ताई. या खेपेला गाडीच्या दुरुस्तीवर भागलं. समोर एखादं मूल आलं असतं तर कोर्टात काय सांगणार होतो आपण, गाडी कोणाची? आणि हिलाच काही झालं असतं तर..." त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

छकुलीने ते पुरं केलं नाही. ती एवढंच म्हणाली, की पाय बरा झाला की तिला कामावर जायचं आहे, आणि बाबांच्या नावावर ती आता बसणार नाही. नाव बदलायचं नसेल तर गाडी भंगारात जाईल. भंगारवाल्याला तिने विचारलंही होतं. तो मला बघून गेला होता. त्याने माझं सगळंच वजन एका आकड्यात सांगितलं. आयुष्यात माझा एवढा अपमान झाला नव्हता.

"नाव काढलं तर ते येतील कशाला?" बाई म्हणाल्या. "माणूस आपल्या गाडीवर येऊन बसतो. दुसऱ्याच्या गाडीवर कोण बसेल?"

"मी दुसरी?" छकुली म्हणाली.

छकुली कुबड्या टेकत आत गेली. गोट्याने एकदा दाराकडे, एकदा बहिणीकडे बघितलं, मग मलाच हात लावून निघून गेला.

त्यानंतरची एक दुपार. मी वाकडं हँडल घेऊन स्टँडवर उभी. बाई आल्या, मागच्या सीटवर बसल्या. पुढची सीट दबली. आज त्यांनी नळाचं सांगितलं नाही, शेजाऱ्यांचं सांगितलं नाही. त्यांच्या हातात ते पत्र होतं. म्हणाल्या, तुमचं पत्र आहे, वाचून दाखवते. आणि त्यांनी ते वाचलं, वरच्या पत्त्यापासून खालच्या शिक्क्यापर्यंत. "आपण हयात नसल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे," हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा जवळजवळ स्वतःशी.

मग पत्राची घडी करत त्यांनी विचारलं, "अहो, पोरगी पडली तेव्हा तुम्ही बसला होतात ना पुढे? मग सावरलं का नाही तिला?"

पुढच्या सीटवरचं वजन हललं नाही.

"तुमचं नाव आहे तोवर तिला काही नाही म्हणे," बाई हात परत पुढे धरून म्हणाल्या. "माझ्याच्याने काढवत नाही. तुम्हीच काय ते बघा."

शेडमध्ये इतकी शांतता होती, की पत्रा उन्हाने तापताना वाजतो तेवढाच आवाज. मग माझी उजवी स्प्रिंग सैल झाली. त्यानंतर डावी. घाई न करता, मालक नेहमी उतरायचे तसे. सीट वर आली आणि तशीच राहिली. इतक्या वर्षांत मी त्या वजनाची कधी वाट पाहिली नव्हती, ते आपोआप यायचं. आता ते नव्हतं, तर मला पहिल्यांदा कळलं की ते होतं.

बाईंचा पुढे धरलेला हात हळूहळू खाली आला. त्या पुष्कळ वेळ तशाच बसून राहिल्या. मग उतरल्या, पदराने डोळे नाही, माझी पुढची सीट पुसली, आणि आत जाऊन गोट्याला फोन केला. म्हणाल्या, "कागद घेऊन ये. तुझे भाऊजी उतरले."

गोट्याने काय समजून घेतलं कोण जाणे. तो आला मात्र लगेच.

नाव बदललं. त्यासाठी बाईंना बऱ्याच ठिकाणी सह्या कराव्या लागल्या, आणि प्रत्येक ठिकाणी मालक नक्की वारलेत ना याची खात्री करून घेण्यात आली. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आता सगळेच विचारत होते. शेवटी नवा विमा काढायला गोट्या स्वयंपाकघरात बसला. या वेळी त्याने एकेक ओळ वाचून दाखवली. समोरच्याचा विमा, घेतला. गाडीचा, घेतला. चालवणाऱ्याचा, आता छकुलीच्या नावाने, घेतला. ती सूट मात्र तिला मिळाली नाही. ती भाऊजींनी कमावलेली आहे, गोट्या म्हणाला, आणि ती गाडीबरोबर जात नाही, माणसाबरोबर जाते. बाईंना तो नियम फार आवडला.

"मागे बसणाऱ्याचा वेगळा असतो," गोट्या म्हणाला. "पैसे जास्त पडतात. छकुलीच्या मागे कोणी बसत नाही, तर तो सोडून देऊ."

"घे," बाई म्हणाल्या.

"तू बसणार आहेस का ताई, तिच्या मागे?"

"मी कशाला बसू? मी बसते तेव्हा गाडी उभी असते."

छकुलीने आईकडे बघितलं. गोट्याचं पेन कागदावर थांबलं होतं. तो विमा विकत विकत टक्कल पडेपर्यंत आलेला माणूस. कुठला प्रश्न विचारायचा नसतो हे त्याला एव्हाना कळलं होतं.

"त्याला नाव लागत नाही, ताई," तो हलकेच म्हणाला. "जो बसेल त्याचा."

"मग बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

माझं हँडल सरळ झालं, नवा दिवा बसला. टाकीचा पोचा थोडा राहिला आहे, तो राहू दे. छकुलीचा पाय बरा झाला. कामावर निघायच्या पहिल्या सकाळी तिने पेटी बांधली, मला किक मारली आणि बसली. पुढच्या सीटवर वजन होतं ते तिचं एकटीचं. हँडलवर दुसरा कसला ओढा नव्हता. बाई दारात उभ्या होत्या. आम्ही फाटकाबाहेर पडलो, आणि रस्त्याला लागता लागता माझी मागची सीट दबली. आधी डावी स्प्रिंग, मग उजवी.

छकुलीने मागे वळून पाहिलं नाही. बर्फाच्या कारखान्याच्या वळणावर तिने वेग कमी केला आणि मान किंचित तिरकी केली.

"बाबा," ती म्हणाली, "रस्ता बदललाय. धरून बसा."

मित्रांनो, तुमच्याही घरी गाडी असेल. तिला पुसा, तिच्या चाकातली हवा बघा, हे तर सगळेच सांगतात. मी वेगळं सांगते. तिच्या विम्याच्या कागदावर कोणाचं नाव आहे ते आजच्या आज मोठ्यांना विचारा. तो माणूस हयात आहे का, आणि गाडी तोच चालवतो का, हेही विचारा. ते रागावले तरी विचारा. ज्याचं नाव पुसवत नाही त्याला घरात कुठेही बसवा, पण जिवंत माणसाच्या सीटवर बसवू नका. आणि मागच्या सीटचे पैसे वाचवू नका. मागे कोण बसलंय, ते चालवणाऱ्याला दिसत नसतं.